मिस्टरांना पाठवून द्या

"मिस्टरांना पाठवून द्या माझ्याकडे. मी त्यांना नीट समजावून सांगतो."

ज्यांनी मला हे ऐकवलं त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. पत्ता मात्र आहे, कारण मिस्टरांना कुठे पाठवायचं ते त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे लिहून दिलं. आत्ता हे लिहितानासुद्धा कानशिलं गरम होतायत.

प्रकार एवढाच, की आम्ही पहिल्यांदाच दिल्लीला चाललोय. फेब्रुवारीतला शनिवार, रविवार आणि त्याला जोडून सोमवार. नवरा, मी, आठवीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. तिकिटं मी काढली, हॉटेल मी शोधलं आणि कुठल्या दिवशी काय बघायचं त्याचा कागदही मीच केला. सासूबाईंना मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले.

त्या कागदाबद्दल जरा सांगते, कारण दुकानात कोणी विचारलंच नाही.

दिल्ली बघायची म्हणजे मुख्यतः सोमवारशी झगडायचं. सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय बंद. लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद. कचेरीतल्या सगळ्या खिडक्यांवरची माणसं एकदमच जेवायला उठावीत, तशी ही सगळी ठिकाणं एकाच दिवशी सुट्टीवर जातात. नणंदेनं फॅमिली ग्रुपवर "सरोजिनी नगरहून दोन जॅकेटं आण गं, स्वस्त मिळतात" असं फर्मान सोडलंय, तर तो बाजारही सोमवारीच बंद. चांदणी चौकातल्या दुकानांची सुट्टी मात्र रविवारी. आणि "दिल्लीला जाताय आणि ताजमहाल नाही?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला (म्हणजे प्रत्येकालाच) सांगायचं, की तो शुक्रवारी बंद असतो आणि जाऊन येऊन अख्खा दिवस खातो.

हे सगळं जुळवून शनिवारी लाल किल्ला, जामा मशीद आणि चांदणी चौक. रविवारी राष्ट्रीय संग्रहालय, जंतरमंतर, इंडिया गेट आणि त्याच्या पलीकडचं युद्धस्मारक. सोमवारी जे सोमवारीही उघडं असतं ते, म्हणजे हुमायूनची कबर, लोदी गार्डन आणि कुतुबमिनार. लाल किल्ला उत्तरेकडे, कुतुब पार दक्षिणेकडे, म्हणून दोन्ही मुद्दाम वेगळ्या दिवशी. अग्रसेन की बावली, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, मला फार बघायची होती, पण तिला शंभरावर पायऱ्या आहेत, म्हणून सासूबाईंच्या गुडघ्यांपायी तिच्यावर काट मारली. ही काट मारताना मला काय वाटलं ते घरात कुणाला कळलेलं नाही, आणि कळणारही नाही.

तर प्रिंट निघाली. मशीनचं तोंड नेमकं दुसऱ्या बाजूला, आणि तिथे उभ्या असलेल्या गृहस्थांनी कागद अलगद उचलला. वाटलं, आता मला देतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला सुरुवात केली. खिशाला पेन होतं. ते वर चार खटके असलेलं, शाळेत असताना आम्ही ज्याच्यासाठी जीव टाकायचो ते. वाचता वाचता त्यांचा अंगठा त्या खटक्यांवरून फिरला आणि लालवर थांबला. टक्.

"हे कुणी केलंय?"

"मी."

"हं."

या 'हं'मध्ये अख्खी स्त्रीजात, आजकालचं इंटरनेट आणि बहुधा माझे आईवडीलही आले.

"पहिल्यांदाच जाताय दिल्लीला?"

"हो."

"दिसतंय. मी एशियाडला होतो."

काउंटरमागच्या पोराला एशियाड म्हणजे पूर्वीची एसटी वाटली. गृहस्थांनी त्याला सांगितलं, 1982, दिल्ली, आशियाई खेळ, त्यांचं बोधचिन्ह अप्पू हत्ती. हा माणूस चाळीस वर्षांपूर्वी एकदा दिल्लीला जाऊन आला आणि तेव्हापासून दिल्ली त्याच्या नावावर आहे. अशी माणसं दर शहराला एकेक नेमून दिलेली असावीत. आमच्या ओळखीच्या एक बाई एकदा सिंगापूरला जाऊन आल्या, त्यानंतर त्यांच्या परवानगीशिवाय कोणी सिंगापूरला गेलेलं नाही.

पहिली लाल रेघ 'मेट्रो'वर पडली. वर लिहिलं, 'डीटीसी बस'. मी म्हटलं, मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट असते आणि माझ्या सासूबाईंना बसच्या पायऱ्या झेपणार नाहीत. ते म्हणाले, "आम्ही सगळीकडे डीटीसीनं फिरलो." फिरणारच. दिल्लीत मेट्रो धावली 2002 च्या डिसेंबरात. 82 साली त्यांनी मेट्रोची वाट बघितली असती, तर अजून वीस वर्षं तिथेच उभे राहिले असते. वाईट वाटलं नसतं मला.

मग लाल किल्ला. शनिवारातून बाण काढून तो त्यांनी सोमवारात नेऊन ठेवला.

"सोमवारी तो बंद असतो," मी म्हटलं.

"सोमवारी गर्दी कमी असते."

"बंद असल्यावर कमीच असणार ना!"

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. मागे आधारची झेरॉक्स काढायला आलेले काका होते, शाळेचा प्रोजेक्ट घेऊन आलेली एक आई होती. दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी एका वडीलधाऱ्या माणसाला भर रस्त्यात उलट बोलले.

आणि तेवढ्यात गृहस्थांनी कागद खाली ठेवून सगळ्या दुकानालाच ऐकवायला सुरुवात केली. "लाल किल्ला म्हणजे काय माहितीये का? 1760! सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. दिवाण-ए-खासचं छत चांदीचं होतं, भाऊंनी ते काढून वितळवलं. फौजेचा पगार भागवला त्यात!" हे मात्र खरं आहे. मशीन थांबलं. आधारवाल्या काकांचा ऊर भरून आला. प्रोजेक्टवाल्या बाईंनी मुलीला म्हटलं, "ऐकलंस?" आणि मीच तेवढी एक अशी, की जिला दिल्लीतल्या मराठ्यांचं काही पडलेलं नाही आणि जी शनिवार-सोमवार करत बसलीय.

"पोराला ते छत दाखवा," ते मला म्हणाले.

"पण ते काढलं ना भाऊंनी?"

"मग जिथून काढलं ती जागा दाखवा."

त्याच भरात रविवारच्या समासात 'पानिपत' लिहिलं गेलं, नव्वदेक किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत. यावरचा विनोद वाचकांनी आपापला करून घ्यावा, माझ्यात त्राण नाही.

पुढे कुतुबमिनार. "वरपर्यंत चढा. मी चढलोय. अख्खी दिल्ली दिसते."

इथे मात्र मी गप्प राहू शकले नाही. 1981 च्या डिसेंबरात कुतुबच्या जिन्यात वीज गेली, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि 45 जण गेले, त्यात बरीचशी सहलीला आलेली शाळेची मुलं. तेव्हापासून वरचा रस्ता लोकांसाठी बंद आहे. एशियाड झालं त्याच्या पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे हे गृहस्थ चढले ते कुठल्यातरी दुसऱ्याच मिनारवर, नाहीतर चढलेच नाहीत. मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की काका, तो जिना 81 पासून बंद आहे.

"ते सामान्य लोकांसाठी," ते म्हणाले.

त्या जिन्याची गोष्ट मी रात्री कागद करताना वाचली होती आणि उठून मुलाच्या खोलीत डोकावून आले होते. दुकानात तिच्यावर हुज्जत घालायची इच्छाच राहिली नाही. माझं गप्प बसणं त्यांनी होकार समजलं आणि 'वर चढणे' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं. सोमवारी राष्ट्रपती भवनातलं मुघल गार्डन टाकलं. त्याचं नाव 2023 पासून अमृत उद्यान आहे, फेब्रुवारीत ते उघडं असतं, आणि सोमवारी तेही बंद असतं. इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत टाकली, जी 2022 च्या जानेवारीत शेजारच्या युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. मुलासाठी अप्पू घर हे पाळण्यांचं पार्क टाकलं. अप्पू घर 1984 साली सुरू झालं, म्हणजे त्यांनी ते बघितलेलंच नसणार, आणि 2008 साली बंद झालं, म्हणजे मीही बघणार नाही. एका माणसाला न दिसलेली जागा दुसऱ्याला न दिसणाऱ्या दिवशी दाखवण्याचा हा आत्मविश्वास कुठून येतो? मला तो हवाय. मी गॅसच्या बिलाची तक्रार करायला फोन लावते, तेव्हासुद्धा आधी दोनदा "सॉरी हं" म्हणते.

"मिस्टर काय करतात?"

"बँकेत आहेत."

"मग त्यांना कळेल." आणि मग ते वाक्य, जे मी सगळ्यात वर लिहिलंय. मग कागद उलटा करून पत्ता, तो मात्र निळ्या शाईत. टक्.

प्रोजेक्टवाल्या बाई जाता जाता मला म्हणाल्या, "त्यांना अनुभव आहे हो, ऐकावं." काउंटरवरच्या पोरानं तर आणखी कमाल केली. मी पाकीट शोधत असताना त्यानं माझी फाइल उघडून त्यात काकांच्या सगळ्या दुरुस्त्या टाइप केल्या, नवी प्रिंट काढली आणि दोन्हींचे पैसे लावले. दुसरी प्रिंट मी मागितलीच नव्हती असं म्हटल्यावर म्हणाला, "काकांनी सांगितलं ना." मी दोन्हींचे दिले. मागे रांग होती.

राग खरं तर त्या काकांचा नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला मात्र त्यांचाच आहे. पण थोडा इतरांचाही. आमच्या घरी सहल ठरते म्हणजे नवरा म्हणतो, "जाऊया की कुठेतरी," आणि तिथे त्याचं काम संपतं. मग सासूबाईंच्या गोळ्या किती लागतील, मुलाची चाचणी परीक्षा कधी, संग्रहालयात व्हीलचेअर मिळते का, हे सगळं रात्री अकराला मी बघते. त्याला मी सोमवारचं पुनःपुन्हा सांगितलंय, जेवताना, गाडीत, एकदा तर तो दाढी करत असताना आरशातून. त्यानं दर वेळी "हो का?" म्हटलंय.

मी त्याला त्या पत्त्यावर अर्थातच पाठवलं नाही. पण कागद टेबलावर राहिला, आणि काल संध्याकाळी तो आपण होऊन गेला. चहा घेऊन, तासाभरानं, चांगला खुशीत परत आला.

"अगं, भला माणूस आहे. बरं झालं भेटलो. एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली त्यांनी."

"काय?"

"लाल किल्ला सोमवारी बंद असतो!"

माझ्या हातात पोळीचं पीठ होतं, एवढंच सांगते.

मग त्यानं टेबलाशी बसून, पट्टी घेऊन, नवा कागद आखला. शनिवारी लाल किल्ला, जामा मशीद, चांदणी चौक. रविवारी संग्रहालय, जंतरमंतर, इंडिया गेट. सोमवारी हुमायून, लोदी, कुतुब. डीटीसी खोडून मेट्रो. तो कागद त्यानं फ्रिजवर चिकटवला. सासूबाईंनी चष्मा लावून, एकेका ओळीखाली बोट फिरवत तो सावकाश वाचला आणि मला म्हणाल्या, "बघ, यानं एकदा लक्ष घातलं की सगळं कसं व्यवस्थित होतं."