टिल्ट-अ-व्हर्लची खरी करामत

हर्बर्ट सेलनर यांनी १९२६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात टिल्ट-अ-व्हर्ल हा मनोरंजन उद्यानातला फिरता खेळ शोधून काढला, एवढे या खेळावरच्या लेखात आले आहे. मात्र त्याची रचना अधिक विस्ताराने यायला हवी होती. मोटर फिरवते ती केवळ चौथऱ्याला. त्यावरच्या सातही गाड्या आपापल्या आसाभोवती मोकळ्या असतात आणि चौथरा चढउताराच्या गोल रुळांवरून जाऊ लागला, की आत बसलेल्यांच्या वजनानुसार कधी नुसत्या डुलतात, कधी एकाएकी गर्रकन गिरकी घेतात. पुढची गिरकी कोणत्या बाजूला, हे सांगता येत नाही, आणि माझ्या मते हा खेळ इतका टिकला तो याचमुळे. १९९४ साली भौतिकशास्त्रज्ञांनी या गतीची समीकरणे मांडून ही गती केऑस सिद्धान्ताचे (सुरुवातीच्या अगदी लहान फरकानेही पुढची हालचाल पार बदलते, म्हणून तिचा अंदाज बांधता येत नाही, असे सांगणाऱ्या सिद्धान्ताचे) उत्तम उदाहरण असल्याचे दाखवले. तो भाग लेखात अवश्य जोडावा.