लॅझेनबी यांना काढले नव्हते : एक खुलासा

१९६९ चा बाँडपट ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ साफ आपटला, म्हणून त्यात जेम्स बाँड साकारणारे जॉर्ज लॅझेनबी यांना डच्चू मिळाला, असा मजकूर कोल्हापुरातील चित्रपटप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो खरा नाही. आधीच्या बाँडपटापेक्षा गल्ला कमी जमला, तरी खर्चाच्या कितीतरी पट कमाई झाली. शिवाय पुन्हा ही भूमिका करणार नसल्याचे लॅझेनबी यांनी प्रदर्शनापूर्वीच जाहीर केले होते.

दिग्दर्शक पीटर हंट हे मुळात याच मालिकेचे संकलक, आणि आल्प्सच्या बर्फावरील पाठलागात तो सराईत हात जाणवतो. शेवटी मात्र ते अजिबात घाई करत नाहीत : नवविवाहित बाँड मोटारीत पत्नीचे निष्प्राण शरीर कवटाळून, ती विश्रांती घेत आहे, असे पोलिसाला सांगतो आणि पडद्यावर गोळीने तडकलेली काच उरते. एवढे धाडस या मालिकेने तोवर केले नव्हते, असे माझे ठाम मत आहे.