बारीक व्हायचंय? मग फळं पिऊन टाका

सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून पुन्हा तोच तक्ता फिरतोय: केळं बंद, आंबा बंद, चिकू बंद, 'फ्रेश ज्यूस' मात्र पाहिजे तेवढा. खाली अंगठ्यांची रांग. तेव्हा ठाणेकरांनो, मनावर घ्याच.

सकाळी कचराळी तलावाला अर्धा तास फेऱ्या मारा आणि घाम वाळायच्या आत रसाची गाडी गाठा. एक संत्रं सोलायचं, शिरा काढायच्या, फोड फोड चावायची, एवढा वेळ कोणाला आहे? ग्लासातून तीन-चार संत्री एका दमात जातात. पोट भरल्यासारखं वाटतं ते ज्या चोथ्यामुळे, तो गाळणीतून थेट डब्यात. 'साखर नको' असं बजावून सांगा. रसवाला मान डोलावतो, पाक रसाच्या जगमध्ये आधीच ओतलेला असतो. 300 मिलि रसाच्या साधारण 135 कॅलरी, वर चार चमचे साखरेच्या 80. अर्ध्या तासाच्या चालण्यात एवढ्या जळत नाहीत हो! जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंगतीत बसवली. पण ती संघटना आपल्या ग्रुपवर नाही ना.

चिकू खाऊ नका. चिकू शेक प्या, आइस्क्रीम घालून.

हापूस फोडी करून खाल्लात तर फसाल. मध्यम फळाचा गर 150 ग्रॅम, कॅलरी जेमतेम 90, वर कोय चोखण्यात वेळ जातो. त्यापेक्षा आमरस करा, साखर-तूप घाला आणि पुऱ्या मोजू नका.

कलिंगड भरपेट जेवणावर खा. पाणीच तर असतं.

खजूर 'नॅचरल' असतो, म्हणून मूठ भरून. 100 ग्रॅमला 280 कॅलरी, पण नॅचरल.

एवढं करून काटा खाली येईना, की केळ्याला शिव्या द्या. काय घोडं मारलंय हो केळ्यानं तुमचं? मध्यम केळं शंभरेक कॅलरींचं. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव हाणता, त्यात त्याच्या दुपटीहून जास्त जातात, तेव्हा पथ्य कुठं जातं? पाच वाजता भूक लागते ना? एक पेरू घ्या, सालीसकट, बियांसकट, चावून खा. रस प्यायचाच असेल तर हौस म्हणून प्या, त्याला डाएट म्हणू नका. घरातली शुगरवाली आजीसुद्धा तुमचं ऐकून रोज ग्लास रिकामा करतेय, तिकडे तरी बघा!