‘गोळ्या चालू नाहीत, मग पार्ट डी कशाला?’ : खुलासा

अमेरिकेतल्या मराठी ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा सल्ला असा: औषधं चालू नसतील तर मेडिकेअरचा (तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) पार्ट डी, म्हणजे औषधविमा, नको, लागेल तेव्हा घ्या. हा सल्ला महागात पडतो.

पहिली नावनोंदणीची मुदत संपल्यावर सलग 63 दिवस तोडीचा दुसरा औषधविमा नसेल, तर दर पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय मूळ हप्त्याच्या (सरकार दरवर्षी ठरवतं त्या) 1 टक्का दंड लागतो. 2026 मध्ये तो हप्ता 38.99 डॉलर, म्हणजे 20 महिन्यांच्या उशिराला महिना 7.80 डॉलर. रक्कम किरकोळ वाटते, पण दंड सहसा पार्ट डी असेपर्यंत सुटत नाही. ‘एक्स्ट्रा हेल्प’ (कमी उत्पन्न असलेल्यांना औषधखर्चासाठी सरकारी मदत) मिळणाऱ्यांना तो माफ.

शिवाय ‘लागेल तेव्हा’ दार उघडं नसतं. एरवी नोंदणी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर, आणि विमा 1 जानेवारीपासून. नोकरीतला विमा असेल तर त्याचं ‘क्रेडिटेबल कव्हरेज’चं, म्हणजे त्यातला औषधविमा पार्ट डीच्या तोडीचा असल्याचं, पत्र जपून ठेवा.