व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?

ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीसाठी मी पुण्याला पोहोचलो, तेव्हा माझ्या धंद्याचा निकाल घरात आधीच लागलेला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारे विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झाले, २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि २७ तारखेला गणपती बसले. कोथरूडच्या आमच्या घरी आरती संपून खिरापत हातावर पडते न पडते तोच काकांनी विचारले, "काय रे, सरकारनं तुझं दुकान बंद केलं म्हणे?"

गेली सात वर्षे मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहतो. पत्नी तिथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे, तिच्या व्हिसावर मी 'अवलंबित' म्हणून गेलो, आणि पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांसाठी युरोपभर फिरून माझ्या वाटचा खर्च भागवतो. दिल्लीच्या कायद्याने माझे काही बंद होण्याचा प्रश्नच नव्हता. हे काकांना समजावून सांगता आले असते. पण समोर चटईवर धाकटा चुलतभाऊ मान खाली घालून बसला होता. दोन वर्षांत त्याने मोबाइलवरच्या रमीत चार लाख रुपये घालवले होते, त्यातले अडीच लाख कर्जाचे, आणि घरातल्या सगळ्यांना ते जेमतेम महिन्याभरापूर्वी कळले होते.

त्या रात्री जो वाद झाला तो पुण्यात गेली कित्येक वर्षे चालू आहे: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे म्हटले, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींनाही कौशल्याच्या पदरात घेतले, आणि २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने मात्र पोकर हा जुगारच असल्याचा निर्णय दिला. आमच्याकडचा १८८७ चा जुगारबंदी कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, त्यामुळे ज्याला त्याला आपला खेळ त्या एका शब्दाच्या आडोशाला नेऊन बसवायचा असतो. खुद्द काका पावसाळा लागला की पुण्याच्या रेसकोर्सवर रेसचे पुस्तक घेऊन हजर असतात आणि घोड्याची वंशावळ वाचणे हा अभ्यास आहे असे मानतात. माझे पत्ते मात्र त्यांच्या लेखी जुगार. नव्या कायद्याने हा प्रश्नच बाजूला सारला आहे, कारण पैसे लावून ऑनलाइन खेळायचे असेल तर कौशल्य असो वा नशीब, मनाई सारखीच आहे. वाद घालणाऱ्यांना ते अजून मानवलेले दिसत नाही.

यात माझी बाजू कोणती, असे भावाने विचारले, तेव्हा मी त्याला रोझवादोव्हची गोष्ट सांगितली. जर्मनीच्या सीमेला टेकलेले हे चेक प्रजासत्ताकातले चिमुकले खेडे आहे. प्रागहून गाडीने दोनेक तास लागतात, भोवती शेते आणि जंगल, आणि मध्येच युरोपातल्या सर्वांत मोठ्या पोकरखान्यांपैकी एक. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची युरोपातली स्पर्धा २०१७ पासून अनेक वर्षे तिथेच भरत असे. मी तिथे ११०० युरो प्रवेश फी असलेल्या एका स्पर्धेत दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत टिकून होतो. आणखी एक खेळाडू बाद झाला की उरलेल्या सर्वांना बक्षीस, अशी वेळ आली होती. याला 'बबल' म्हणतात. अशा वेळी कुणी रेंगाळून फायदा उपटू नये म्हणून सगळ्या टेबलांवर एकेकच डाव वाटतात आणि सगळीकडचा डाव संपेपर्यंत सगळे थांबतात. एरवी चिप्सच्या, म्हणजे डावात लावायच्या चकत्यांच्या, किटकिटीने भरलेला तो हॉल अशा वेळी परीक्षेच्या वर्गासारखा होतो.

मला दोन एक्के आले. सुरुवातीला हातात येणाऱ्या दोन पत्त्यांत याहून चांगली जोडी नाही. माझ्या डावीकडच्या पोलिश गृहस्थाने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, मीही सरकवल्या, पत्ते उघडले आणि त्याच्याकडे दोन राजे निघाले. अशा लढतीत एक्केवाला पाचातल्या चार वेळांहून किंचित अधिक जिंकतो. मग टेबलाच्या मध्यावर दोघांसाठी सामाईक पत्ते उघडतात, त्यांत तिसराच पत्ता किलवरचा राजा निघाला. पत्ते वाटणाऱ्या बाईने माझ्या चिप्स दोन्ही हातांनी ओढून त्याच्या ढिगात मिसळल्या, तेव्हा हॉलभर टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी नव्हे, बबल फुटला म्हणून. मी कोट उचलला आणि बाहेर आलो. माझ्याकडून काय चुकले? काहीच नाही. तीन दिवसांचा मुक्काम, विमानभाडे आणि फी मिळून दीड-पावणेदोन हजार युरो गेले. त्यातला निम्मा भार दोन मित्रांचा होता, कारण आम्ही मंडळी आपल्या खेळातला हिस्सा आधीच विकून जोखीम वाटून घेतो.

माझ्या वर्षभराच्या पन्नाससाठ स्पर्धांपैकी दहाबारांमध्ये काही ना काही हाती लागते आणि त्यातल्या एकदोन स्पर्धांवर सगळे वर्ष उभे असते. कौशल्य आहे यात शंका नाही. नसते तर सात वर्षांत मी घर गाठले असते. पण ते दिसायला हजारो डाव लागतात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे दहा तास बसून अडीचशे-तीनशे. ऑनलाइन चार टेबले एकदम उघडली की तेवढे डाव तासाभरात संपतात. म्हणून मी हा खेळ शिकलो तो ऑनलाइनच. कर्वेनगरच्या भाड्याच्या खोलीत रात्र रात्र बसून, अगदी किरकोळ रकमांवर. आज तो रस्ता पुण्यातल्या मुलांना बंद झाला, याची मला खंत आहे.

मात्र नेमक्या त्याच वेगाने माझा भाऊ बुडाला. क्लबात पत्ते पिसले जातात, वाटले जातात, माणूस चहा घेतो, घड्याळ बघतो, खिशातली नोट कमी झाल्याचे बोटांना कळते. मोबाइलवर हरलेला डाव संपायच्या आत पुढचा सुरू होतो आणि खात्यातले पैसे अंगठ्याच्या एका दाबाने जातात. त्या ॲपवाल्यांनी 'कौशल्य' हा शब्द जाहिरातीत वापरून माझ्यासारख्यांची सोय केली नाही, भावासारख्यांना धीर दिला: तू हरतोस ते नशीब नाही, अजून थोडा सराव हवा. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातले सर्वांत घातक वाक्य तेच.

इंग्लंडमध्ये हा शब्दांचा खेळ नाही. तिथल्या २००५ च्या कायद्याने नशिबाच्या खेळाची व्याख्याच अशी केली आहे की, नशीब आणि कौशल्य दोन्ही असलेला खेळ तीत येतो, आणि असामान्य कौशल्याने नशिबाचा भाग पुसता येत असला तरी तो खेळ तीतच राहतो. म्हणजे पोकर हा जुगार, मान्य. आता तो कुठे, किती वाजेपर्यंत, कुणाच्या परवान्याने चालेल ते बोलू. एकदा जुगार म्हटले की अब्रू राखण्याचे ओझे उतरते आणि नियम करता येतात. २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. ज्याला स्वतःचा भरवसा वाटत नाही तो एका ठिकाणी नाव नोंदवून परवानाधारक सगळ्या ऑनलाइन साइटींवर स्वतःला बंदी घालून घेऊ शकतो. या दोनच गोष्टी आपल्याकडे असत्या तर अडीच लाखांचे कर्ज झाले नसते, असे मला वाटते.

याचा अर्थ तिकडे रामराज्य आहे असा नव्हे. नॉटिंगहॅमच्या गरीब वस्तीत किराणा दुकानांपेक्षा बेटिंगची दुकाने आधी नजरेत भरतात आणि सकाळी दहाला तिथे म्हातारी माणसे मशीनसमोर बसलेली असतात. फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांना शर्टाच्या दर्शनी भागावरून जुगार कंपन्यांची नावे काढायला २०२६-२७ चा हंगाम उजाडावा लागला. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे ड्रीम ११ कायदा होताच त्याच महिन्यात गेले. बंदीत ही धमक असते, हे कबूल करायला हवे.

करांचा हिशेबही उलटा आहे. घोड्यांवर पैसे लावून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या १९२५ सालच्या खटल्यापासून ब्रिटनमध्ये खेळणाऱ्याच्या जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही. आपल्याकडे पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आणि हरलेल्या रकमेची वजावट नाही. वर्षात पन्नास वेळा हरून दोनदा जिंकणाऱ्याने या हिशेबात जगावे कसे, हे मला कुणी पुणेकर सीए सांगेल तर मी ऐकायला तयार आहे. अर्थात ब्रिटनची करमाफी फुकट मिळत नाही. ज्या मिळकतीवर कर नाही तिचा कागदही नाही, आणि पासपोर्ट भारतीय असल्याने मला प्रत्येक वेळी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, व्हिसा काढावा लागतो. १८० दिवसांत ९० दिवस, त्यात बार्सिलोना, प्राग, रोझवादोव्ह बसवायचे. एकदा खिडकीपलीकडच्या बाईंनी पगाराची पावती मागितली. नाही म्हटल्यावर 'व्यवसाय' या रकान्यावर बोट ठेवून त्या थांबल्या. मी 'पोकर खेळाडू' लिहिले होते. व्हिसा मिळाला, पण नेमका स्पर्धेच्या पाच दिवसांचा.

महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. दरम्यान शुक्रवारच्या रात्री पुण्याहून सुटणाऱ्या बसेस मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींची गिऱ्हाइके गोव्याला पोहोचवतच होत्या. २०१८ मध्ये विधी आयोगाने २७६ व्या अहवालात सुचवले होते की बंदी जमत नसेल तर नियमन करा. तो अहवाल तसाच राहिला आणि सात वर्षांनी एकदम टाळे आले. मला टाळ्याचा राग नाही. टाळे लावणाऱ्यांनी रेसकोर्स आणि लॉटरी मात्र उघडी ठेवली, आणि ॲपवर हरलेल्यांचे काय करायचे याबद्दल आमच्या घरात तरी कुणाला काही सांगितले नाही, याचा आहे.

काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण लोकांना सांगताना तू सॉफ्टवेअरमध्येच आहेस." सोसायटीच्या वहीत बाबांनी माझ्या नावापुढे कितीतरी वर्षांपूर्वी तेच लिहून ठेवले आहे.

भावाच्या कर्जाचे सतरा हप्ते राहिले होते. त्यातले निम्मे मी भरतो आहे. पैसे काकूंच्या खात्यावर जमा करतो, त्याच्या नव्हे. निघताना त्याने मला विचारले, "दादा, मला पोकर शिकवशील?" मी नाही म्हटले. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.