हाताला जे कळते, ते दुसऱ्याला का सांगावे?

कट्ट्यावर त्या संध्याकाळी वाद सुरू झाला तो एका नकारावरून. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे करणाऱ्या आमच्या चित्रकार मित्राला नवशिक्यांसाठी कार्यशाळा घेण्याचे निमंत्रण आले होते आणि त्याने ते परतवून लावले होते. कारण त्याने लपवले नाही. "जे साधायला मी उमेदीची सगळी वर्षे घातली, ते दोन दिवसांत दुसऱ्याच्या हाती का देऊ? उद्या हीच मुले माझ्याहून कमी मानधनात माझेच काम करतील," असे तो म्हणाला. छायाचित्रकार मैत्रिणीला हे मुळीच पटले नाही, संगीतकार मित्राला अर्धे पटले, आणि संपादनाचे काम करणारा मी पहिल्यापासून तिच्या बाजूचा होतो. त्यामुळे हे टिपण तटस्थ नाही.

संगीतकार मित्राने आधी चित्रकाराची भीती रास्त आहे असे सांगितले, आणि मग स्वतःच तिला उत्तर दिले. हिंदुस्थानी संगीतातली घराणी आपल्या बंदिशी किती जपून ठेवत, हे आपल्याला ठाऊक आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी त्या उस्तादांकडून मोठ्या चिकाटीने मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. "त्या पुस्तकांमुळे शिकणाऱ्यांची सोय झाली, पण नुसती बंदिश हाती आली म्हणून कोणी गवई झाला का? गाणे उभे राहते ते ती बंदिश कशी खुलवायची याच्या निर्णयांवर, आणि ते निर्णय प्रत्येकाला आपल्या गळ्याने घ्यावे लागतात," असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्याने ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचे उदाहरण दिले. अल्बान बर्ग आणि अँटोन वेबर्न हे दोघेही त्यांचे शिष्य. पण त्या दोघांचे संगीत एकमेकांसारखे वाटत नाही आणि गुरूसारखेही वाटत नाही.

"संगीताचे निराळे आहे," चित्रकार म्हणाला. "चित्राची शैली उचलता येते. माझी रेषा कशी जाते, रंग कसे बसतात, हे एकदा दाखवले की संपले."

या मुद्द्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो, कारण बहुतेक कलावंतांची खरी अडचण इथेच असते. मी त्याला विचारले की तुझी मुखपृष्ठे तर दुकानात मांडलेली असतात. ज्याला रेषा उचलायची आहे, त्याला तुझ्या कार्यशाळेची गरजच काय? नक्कल करणाऱ्यासमोर तयार चित्र असते आणि त्याला तेवढेच पुरते. कार्यशाळेत येणाऱ्याला मात्र जे चित्रात दिसत नाही तेच हवे असते: हा चेहरा डावीकडे का सरकवला, शीर्षकासाठी मोकळी जागा आधी का राखली, लेखकाला आवडलेला आराखडा तू का सोडून दिलास, काम पुरे झाले हे कशावरून ओळखलेस. ही कारणे समजलेला विद्यार्थी तुझ्यासारखे चित्र काढण्याची शक्यता उलट कमी असते, कारण त्याच्या पुढ्यातले पुस्तक वेगळे असेल आणि त्याची कारणेही वेगळी निघतील. नक्कल फोफावते ती परिणाम दिसतात आणि कारणे झाकलेली राहतात तिथे. ज्याला आपल्या शैलीची काळजी आहे, त्याने तर कारणे मोकळेपणाने सांगायला हवीत, असे माझे ठाम मत आहे.

यावर चित्रकार थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरे, पण मला ती कारणे सांगताच येत नाहीत. हात करतो. शिकवणे हे वेगळेच कसब आहे आणि ते माझ्याकडे नाही."

ही अडचण खरी आहे, आणि ती निव्वळ संकोचाची नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल वाजत असते, ऐकणाऱ्याच्या कानी नुसती टकटक पडते. मुरलेला कलावंत नवशिक्याला "इथे जरा हलके कर" असे सांगतो, तेव्हा नेमके हेच घडते.

छायाचित्रकार मैत्रीण यावर उसळूनच म्हणाली, "अरे, मग शिकवायलाच हवे! नाहीतर आपल्या मनात चाल आहे आणि बाहेर फक्त टकटक जाते आहे, हे तुला कळणार कधी?" तिने फ्रेड आर्चर आणि ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकारांची गोष्ट सांगितली. हे दोघे लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेत शिकवत असताना, १९३९-४० च्या सुमारास, त्यांनी झोन सिस्टिम बांधली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांची शून्य ते दहा अशा पायऱ्यांत विभागणी करायची आणि दृश्यातला कोणता भाग छापील चित्रात कोणत्या पायरीवर उतरावा हे कळ दाबण्यापूर्वीच ठरवायचे, अशी ती पद्धत. फिल्मवर प्रकाशाचा परिणाम कसा होतो याचे शास्त्र आधीपासून होतेच. पण अनुभवी छायाचित्रकार जे अंदाजाने साधत होता, ते वर्गात समजावता येईल अशा क्रमाने मांडावे लागले. "आणि मग ती मांडणी फक्त विद्यार्थ्यांच्या कामाला आली असे नाही," ती म्हणाली, "माझ्यासारख्या कितीतरी व्यावसायिकांना तिने आपण काय करतो आहोत ते दाखवून दिले."

शोनबर्ग यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या स्वरसंगतीवरच्या ग्रंथाची सुरुवातच, हे पुस्तक मी माझ्या विद्यार्थ्यांकडून शिकलो, अशा अर्थाच्या वाक्याने होते, हे संगीतकाराने इथे आठवून सांगितले. मला ते औपचारिक सौजन्य वाटत नाही. हाताखाली आलेला एक नवा संपादक मला दर पानावर विचारत असे की हे वाक्य का बदलले, आणि "कानाला खटकते" एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नसे. त्याच्या प्रश्नांमुळे मला नीट पाहावे लागले, आणि लक्षात आले की खटकणाऱ्या बहुतेक वाक्यांत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये इतके काही कोंबलेले असते की क्रियापदापाशी पोचेपर्यंत कर्ता विसरला जातो. तेव्हापासून माझे स्वतःचे संपादन अधिक नेमके झाले आहे.

पैशाच्या प्रश्नावर फार वाद झाला नाही. शिकवणे हे काम आहे आणि त्याचे योग्य मानधन मिळाले पाहिजे. "तुमचे नाव होईल" एवढ्यावर बोलावणाऱ्यांना नकार देण्यात काहीच गैर नाही. मात्र पैसे मिळत नाहीत म्हणून नाकारणे आणि दुसऱ्याला येऊ नये म्हणून नाकारणे यांत फरक आहे, आणि चित्रकाराने तो मान्य केला.

संगीतकाराला आणखी एक गोष्ट मांडायची होती. व्हायोलिन घडवणारे इटलीतले नामवंत कारागीर अंतोनियो स्ट्राडिव्हारी १७३७ साली गेले. त्यांच्याबरोबर काम करणारी मुले ओमोबोनो आणि फ्रान्चेस्को १७४२ आणि १७४३ साली गेली. स्ट्राडिव्हारींचे साचे आणि हत्यारे त्यांच्या क्रेमोना या गावातल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात, पण लाकूड पारखताना आणि तासताना तो माणूस कोणते निर्णय कशावरून घेत होता, हे संशोधकांना व्हायोलिनचे लाकूड आणि वॉर्निश तपासून शोधावे लागते. हत्यारे मागे राहतात. ती चालवण्यामागचा विचार कुणाला तरी वेळेवर सांगितला तरच राहतो.

"मग मी नेमके शिकवू काय?" चित्रकाराने अखेर विचारले.

मैत्रिणीचे उत्तर तयार होते. एका मुखपृष्ठाचे सगळे नाकारलेले आराखडे ने, प्रत्येक का बाद झाला ते सांग, आणि प्रकाशकाशी त्यावर काय बोलणे झाले, करारात दुरुस्त्यांची मर्यादा कशी लिहून घेतलीस, हेही सांग. कारण रेखाटन शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण हे फक्त व्यवसायात असलेला माणूसच सांगू शकतो. कार्यशाळेचे चित्रीकरण करावे की नाही यावर मात्र एकमत झाले नाही. संगीतकाराच्या मते चित्रीकरणाने ते दूरच्या मुलांपर्यंत पोचेल. चित्रकाराच्या मते विद्यार्थ्याचे काम समोर नसताना सांगितलेली कारणे पुन्हा टकटकच ठरतील. मला दुसरे म्हणणे जास्त पटते. चित्रकार आता आयोजकांना पुन्हा लिहिणार आहे, आणि त्याच्या अटी तीन आहेत: विद्यार्थी मोजके असावेत, त्यांचे काम त्याला आधी पाहायला मिळावे, आणि नाकारलेले आराखडे दाखवायला प्रकाशकाची परवानगी मिळेपर्यंत आयोजकांनी थांबावे.