झिंग्याच्या पोटात जिवाणू "कायमचे बसत" नाहीत, तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्यात, सध्या एक मेसेज फिरून राहिला. बायोफ्लॉकच्या, म्हणजे पाण्यातच जिवाणू वाढवून झिंगा पाळायच्या टाकीत पाकिटातली पावडर एकदा टाका, विरजण लावल्यासारखे चांगले जिवाणू झिंग्याच्या पोटात कायमचे बसतात, मग रोग येतच नाही, खाद्य अर्धं लागते, अमोनिया (झिंग्याच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष) वाढला की गूळ टाका, लाईन गेली तरी जिवाणू ऑक्सिजन बनवतात, आपलं बोअरचं खारं पाणी म्हणजे समुद्रच, आणि वरून सबसिडीही मिळते. माझा मावसभाऊ हे वाचून सोयाबीनचे पैसे टाक्यांत घालायला निघाला, म्हणून लिहितो.

पहिले ते पोटाचं, कारण सगळा धंदा त्याच्यावर विकला जाऊन राहिला. झिंगा दिवसरात्र खात असते, खाल्लेलं काही तासांत बाहेर पडते. त्यात तो कात टाकते, आणि नुसती वरची नाही, जठराचं आणि आतड्याच्या शेवटच्या भागाचं आतलं अस्तरही कातीसोबत निघून जाते, मग तिथं चिकटलेले जिवाणू कुठं राहतील? पुन्हा भरती होते ती टाकीतल्या पाण्यातून, फ्लॉकमधून (पाण्यात तरंगणारे जिवाणूंचे पुंजके) आणि खाद्यातून. २०१६ मध्ये बीएमसी मायक्रोबायोलॉजी या जर्नलमध्ये ताहितीतल्या निळ्या झिंग्यावरचा अभ्यास आला, त्यात बायोफ्लॉकमधल्या झिंग्याच्या आतड्यातले जिवाणू स्वच्छ पाण्यातल्या झिंग्यापेक्षा वेगळे निघाले. म्हणजे पाण्याचा परिणाम होते, हे खरं. पण आतडं म्हणजे पाण्याची कॉपी नाही, कोण टिकणार ते झिंग्याचं शरीरही ठरवते. आणि पाणी बिघडलं तर तेच फ्लॉक वाईट जिवाणूही पोटात नेऊन सोडते, ही गोष्ट मेसेजवाला काहून सांगत नाही?

व्हिब्रिओ, म्हणजे रोग करू शकणारा जिवाणू, तर तब्येतीनं चांगल्या झिंग्याच्या पोटातही असते, तो कधी संपत नाही. त्यातल्याच व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या विष बनवणाऱ्या जातीमुळे ईएमएस, म्हणजे झिंगा लहानपणीच मरण्याचा रोग, होते, हे २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या टीमनं शोधून काढलं. ते जिवाणू झिंग्याच्या जठरातच वाढते आणि त्याचं विष हेपॅटोपँक्रियास, म्हणजे त्याचं यकृतासारखं काम करणारं अंग, खलास करते. व्हाइट स्पॉट हा झिंग्याचा दुसरा मोठा रोग तर व्हायरसचा आहे. त्याच्यावर पाकिटातली पावडर काय करणार? झिंग्याले आपल्यासारख्या अँटीबॉडी नसतात. फ्लॉकमधल्या जिवाणूंच्या पेशीभित्तिका त्याची जी काही प्रतिकारशक्ती आहे ती थोडी जागी ठेवतात, एवढं मी मान्य करतो. पण "रोग येतच नाही" म्हणणं म्हणजे शेतकऱ्याले बिना पीसीआर रिपोर्टचं (रोग आहे का ते सांगणारी लॅबची तपासणी) बियाणं, म्हणजे झिंग्याची पिल्लं, घ्यायले लावणं आहे, आणि याचाच मले जास्त राग येते.

खाद्य कमी लागते हे अर्धं खरं. फ्लॉकमध्ये प्रोटीन असते आणि झिंगा ते खाते. पण अर्ध्यावर येईल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि फ्लॉक जास्त झालं की कल्ले चोंदतात.

लाईनवाला मुद्दा मात्र सरळ सरळ जीव घेणारा आहे. हे जिवाणू ऑक्सिजन बनवत नाहीत, खातात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन दाबायले साधारण २० ग्रॅम गुळासारखं कार्बोहायड्रेट लागते असा हिशोब आहे, म्हणजे जेवढा गूळ टाकाल तेवढे जिवाणू वाढतील आणि तेवढाच ऑक्सिजन ओढतील. आपल्याकडं रात्री लाईन जाते हे काय सांगायले पाहिजे का? ब्लोअर बंद, गूळ नुकताच टाकलेला, तर सकाळी टाकी मेलेलीच दिसणार. इन्व्हर्टर किंवा जनरेटर नसन तर ह्या धंद्यात पडूच नका.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर खारट लागलं म्हणून समुद्र होत नाही. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात बहुतेक वेळा पोटॅशियम समुद्रापेक्षा फार कमी असते आणि व्हेनामी, म्हणजे टाकीत पाळतात ती झिंग्याची जात, त्याच्याशिवाय जगत नाही. हरियाणातले लोक पाणी तपासून पोटॅश टाकतात तेव्हा त्यांचा झिंगा टिकते. बाकी हिवाळ्यात रात्री पाणी गार पडलं की व्हेनामी खाणं सोडते, तेव्हा वर्षात किती पिकं निघतील ते विकणाऱ्याले विचारा.

सबसिडीचं तेवढं खरं आहे. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाले ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीले ६० टक्के ठेवली होती. मावसभावाले मी एवढंच सांगितलं का पहिले पाण्याचा पोटॅशियम आणि अल्कलिनिटीचा (पाण्याच्या क्षारतेचा) रिपोर्ट काढ, पावडरचं पाकीट मग घेजो.